दोन ठिकाणी खूण

गिटार शिकायला जाण्याआधी काय काय बघून घ्यावं असं मला कुणी विचारलं, तर मी म्हणते, तुम्ही काही बघू नका, तुम्हाला कुणी नीट बघतंय का तेवढं बघा. आमचे सर बघायचे. त्यांच्या दाराला आतून साखळी असे. कडी वाजवली की दार चार बोटं उघडायचं आणि आतून आवाज यायचा, "हात." आपण नाव-गाव सांगायला तोंड उघडावं तर पुन्हा, "हात!" मग त्या फटीतून दोन्ही हात आत घालायचे. आधी पालथे, मग उताणे. बोटांची पेरं दाबून, नखं बघून झाली की साखळी निघायची. चेहरा बघायची पाळी सगळ्यांत शेवटी यायची, आणि चेहऱ्यात त्यांना फारसा रस नसे.

"तोंडाचं काय, ते कसंही करता येतं," ते म्हणायचे. "बोटाला सोंग जमत नाही."

क्लास उल्हासनगरला कॅम्प नंबर तीनमध्ये होता, एका जीन्सच्या कारखान्याच्या वरच्या खोलीत. खाली दिवसभर शिलाई मशिनींची घरघर, आणि निळ्या कापडाची तूस जिन्याने उडत वर यायची. घरी जाऊन नाक शिंकरलं तरी रुमालावर निळा डाग. रस्त्यावर पाटी होती, पण तिच्यावर नाव नव्हतं. गिटारचं चित्र आणि एक बाण. तो बाणही शेजारच्या फॉल-पिको करणाऱ्या बाईच्या दाराकडे वळलेला. ती बिचारी रोज दोन-चार माणसं वर धाडायची. मी एकदा म्हटलं, सर, तो बाण सरळ करून घ्या ना. तर म्हणाले, "ज्याला खरंच यायचंय तो विचारत येतो. नुसता बाण बघून आलेल्याचा भरवसा नसतो."

भरवसा त्यांना कशाचाच नव्हता. समोरच्या हॉटेलातून चहा आला की पहिला घोट आमच्यापैकी कुणालातरी घ्यायला लावायचे. भिंतीवरचं घड्याळ मुद्दाम सात मिनिटं मागे ठेवायचे आणि का ते सांगायचे नाहीत. शर्टाचं गळ्याजवळचं बटण मे महिन्यातही लावलेलं, आणि त्याच्या आत सुतळीत ओवलेली कपाटाची किल्ली. पण खरी गंमत गिटार सुरात लावताना व्हायची. "भिंतीकडे तोंड!" असा हुकूम सुटायचा. मग आम्ही चौघं शिकाऊ, त्यात एक पतपेढीतले कारकून आणि एक चादरींचे सिंधी व्यापारी, शाळेत शिक्षा झाल्यासारखे भिंतीला नाक लावून उभे राहायचो. मागे टुंग टुंग चालायचं. "वळा" म्हटलं की वळायचं. तारा कुठल्या सुरात लावतात ते आम्हाला कळू नये म्हणून हा बंदोबस्त. कळलं तर आम्ही समोर क्लास काढू, अशी त्यांची खात्री होती. चादरीवाले शेठ सहा महिन्यांत एक गाणंसुद्धा धड वाजवू शकत नव्हते, तरी त्यांच्यावर सगळ्यांत जास्त नजर असायची.

सर मूळचे कुठले, तेही कुणाला माहीत नव्हतं. आमच्याशी स्वच्छ मराठी बोलत, खालच्या कारखान्यात हिंदी, आणि बाजारात सिंधी. कारकून म्हणायचे गोव्याचे असावेत. पोस्टमन त्यांना एका नावाने हाक मारायचा आणि वीजबिलावर दुसरंच नाव होतं. मी हे सगळं मनात नोंदवून ठेवत होते. कारण संशयाच्या बाबतीत मीही काही कमी नव्हते.

मी तेव्हा चोवीस-पंचवीस वर्षांची. सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीची गोष्ट. अंबरनाथला एका केमिकल कंपनीत टायपिस्ट होते आणि राहायला बदलापूर पश्चिमेला हेंद्रेपाड्यात, आई-बाबांबरोबर. बाबा आमच्या वस्तीतल्या गायन पार्टीत बेंजो वाजवायचे. बेंजो म्हणजे लांबट पेटीवर तारा आणि वर टाइपरायटरसारखी बटणं. जयंतीला विहारासमोरच्या स्टेजवर भीमगीतं सुरू झाली की बाबांचा बेंजो गाण्याच्या पुढे धावायचा, आणि लोक म्हणायचे, आधी बेंजो रडला, मग आम्ही रडलो. मग एका कारखान्यात पॉवर प्रेसखाली त्यांच्या डाव्या हाताची मधली दोन बोटं गेली. अंगठा, त्याच्या शेजारचं बोट आणि करंगळी एवढंच उरलं. बेंजो कापडात गुंडाळून माळ्यावर गेला. त्याला कुणी हात लावायचा नाही हे घरात कुणी बोललं नाही, पण सगळ्यांना कळलं. बाबांनी डाव्या हाताला कायमचा रुमाल गुंडाळला आणि विहारात तालीम असली की ते आमच्या घराची खिडकी लावून घ्यायला लागले.

दोन जयंत्या अशा गेल्या. तिसरीच्या आधी पार्टीचे ढोलकीवाले काका घरी येऊन म्हणाले, "ह्या वर्षी तारेचं वाद्य नसलं तर कल्याणचा कीबोर्डवाला कायमचा घेतोय आम्ही. पोरं ऐकत नाहीत." बाबा म्हणाले, "घ्या की." आणि उठून मोरीत गेले. बराच वेळ नळ चालू ठेवला.

त्या दिवशी मी ठरवलं, गिटार शिकायची. बाबांच्या जागेवर मी बसणार. मी स्टेजवर असले तर ते निदान ऐकायला तरी येतील, खिडकी तरी उघडतील. हे मी कुणालाच सांगितलं नाही. घरी म्हटलं, ऑफिसातल्या मुली शिकतात, मीही शिकते.

पहिल्या दिवशी हातांची तपासणी झाल्यावर सरांनी मला स्टुलावर बसवलं आणि चौकशी सुरू केली.

"नोकरी?"

"टायपिस्ट."

"अरे देवा. टायपिस्टची बोटं घाईची असतात. कोणासाठी शिकायचंय?"

मी म्हटलं, "म्हणजे? माझ्यासाठी."

ते माझ्या चेहऱ्याकडे न बघता हातांकडे बघत होते. मी उजव्या हाताने डाव्या हाताची मधली दोन बोटं घट्ट धरली होती. हे मला आत्ता कळतंय, तेव्हा कळलं नव्हतं.

"बरं," ते म्हणाले. "घरात पाणी किती वाजता येतं? भिंत कोणाच्या भिंतीला लागून आहे? घरात ओल आहे का? दुपारी घरी कोण असतं?"

दुपारी घरी कोण असतं! मी लगेच सावध झाले. वर्तमानपत्रात असल्याच बातम्या यायच्या. म्हटलं, "वडील असतात. आणि शेजारी पोलिसातले आहेत." शेजारी पोलिसातले नव्हते, शिपाई होते पण शाळेतले.

"वडील रिटायर?"

"नाही. हाताला लागलं."

"कुठल्या हाताला? किती बोटं? कुठली? उरलेली वाकतात का?"

एवढं तर कंपनीच्या डॉक्टरनेही विचारलं नव्हतं. आधी काय करायचे, काय वाजवायचे, किती वर्षं, सगळं त्यांनी काढून घेतलं. मी ऑफिसात बसून तीन तर्क केले. एक, हा माणूस घरफोड्या असेल. दोन, नुकसानभरपाई मिळवून देतो सांगून पैसे खाणाऱ्यांपैकी असेल. तीन, ह्याच्याकडे कुणी लग्नाचा मुलगा असेल. तिसरा तर्क माझ्या आईचा, आणि तो ऐकून ती थोडी खूशही झाली होती.

चौकशी संपल्यावर ते म्हणाले, "वडिलांना एकदा घेऊन ये."

मी "बघते" म्हटलं. त्यानंतर दर आठवड्याला ते म्हणायचे, "वडील आले नाहीत." आणि मी दर आठवड्याला नवी सबब सांगायचे. जितकं ते मागे लागत तितकी मी बाबांना त्यांच्यापासून लांब ठेवायची. अहो, कुठलाही माणूस एवढी चौकशी फुकट करतो का?

महिनाभर क्लासातली जुनी गिटार हातात धरायला शिकले. मग सर म्हणाले, आता स्वतःची घे, मीच बरोबर येतो. बाजारातल्या एका दुकानात घेऊन गेले. दुकानदार आणि ते सिंधीत काहीतरी बोलले, माझ्याकडे बघून हसले, आणि मला कळलं की इथे कमिशन आहे. पिवळट रंगाची गिटार निघाली. आत परदेशी कंपनीचा कागद चिकटवलेला, त्याच्यावरचा डिंक अजून ओला. सर म्हणाले, "चांगली आहे. आठ दिवस माझ्याकडे राहू दे."

इथे आमच्याकडची एक पद्धत सांगायला पाहिजे. उल्हासनगर-अंबरनाथकडे कुठलीही वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात द्यायची झाली की तिच्यावर गुपचूप खूण करायची. घड्याळ दुरुस्तीला देताना आतल्या झाकणावर सुईचा ओरखडा. रेडिओ देताना वायरला गाठ. शिंप्याकडे कापड टाकताना कडेला एक धागा. कारण वस्तू बदलतात असं प्रत्येकाने ऐकलेलं होतं, आणि आपली बदलली हे प्रत्येकाला वाटायचं. मी गिटार पिशवीत घालायच्या निमित्ताने बॉलपेन काढलं. गिटारच्या मानेच्या टोकाला एक पांढरी पट्टी असते, सगळ्या तारा तिच्यावरून जातात. त्या पट्टीवर बारीक निळा ठिपका केला. कुणाच्या लक्षात आलं नाही.

नवव्या दिवशी गिटार मिळाली. सर म्हणाले, "ही घरी ठेव. उघडी. पिशवीत घालायची नाही, खुंटीला टांगायची नाही. खाटेवर आडवी. आणि तू तिला हात लावू नकोस, तू इथल्या गिटारवर शीक."

विकत घेतलेली गिटार वाजवायची नाही! मी घरी जाऊन पहिली पट्टी बघितली. ठिपका नव्हता. पट्टी जाड आणि उंच होती, तारा गिटारच्या मानेपासून बोटभर वर उचललेल्या. नुसता हात फिरवला की सगळ्या तारा एकदम गोड वाजायच्या, पण एखादी तार दाबायला गेलं की बोटाला चरा पडायचा आणि सूर पार बिघडायचा. तिसऱ्या दिवशी ऑफिसात माझ्या बोटाचं रक्त इन्व्हॉइसला लागलं. म्हणजे माझी चांगली गिटार ठेवून घेतली आणि टाकाऊ माझ्या गळ्यात मारली, हे नक्की झालं.

त्यातच घरातही काहीतरी गडबड सुरू झाली. मी गिटार खाटेवर भिंतीकडे तोंड करून ठेवायचे, संध्याकाळी ती दाराकडे तोंड करून असायची. तारांवर पांढरट घासल्याच्या रेघा दिसायला लागल्या. आईला विचारलं तर म्हणाली, मी दुपारी पडते जरा, मला काय माहीत. बाबा म्हणाले, "शेजारची पोरं येतात." मी शेजारच्या पोरांना झापलं. ती रडायला लागली, तरी मला त्यांचं खरं वाटेना.

मग एका संध्याकाळी मी गिटार घेऊन क्लासला गेले आणि सगळ्यांच्या देखत म्हटलं, "सर, ही माझी गिटार नाही."

कारकून आणि शेठ वाजवायचे थांबले.

"कशावरून?" सर म्हणाले.

"मी खूण केली होती. ह्या पट्टीवर. ती नाहीये."

मला वाटलं, आता ते चिडतील, निदान गडबडतील. तर त्यांचा चेहरा खुलला. क्लासात इतक्या महिन्यांत मी त्यांना असं खूश झालेलं बघितलं नव्हतं.

"खूण केलीस? कशाने?"

"बॉलपेनने."

"शाब्बास. एकाच ठिकाणी?"

"हो."

"तिथेच चुकलीस," ते म्हणाले. "दोन ठिकाणी करायची असते." आणि शेठकडे वळून म्हणाले, "हं, चालू द्या."

एवढा कोडगा माणूस मी आयुष्यात बघितला नव्हता. माझं डोकं फिरलं. मी त्यांना फसवा म्हटलं, कमिशन खाणारा म्हटलं, माझ्या वडिलांची चौकशी तुम्हाला कशाला पाहिजे, असंही म्हटलं. ते ऐकून घेत होते आणि माझ्या बोटांकडे बघत होते. "बोटं कापून घेतलीस," एवढंच म्हणाले. "सांगितलं होतं, हात लावू नकोस." मी गिटार उचलून जिना उतरले. पुढच्या आठवड्यात कारकुनांनीही क्लास सोडला. त्यांच्या गिटारवर खूण नव्हती, पण त्यांनाही ती बदलल्यासारखी वाटायला लागली होती.

मी त्याच संध्याकाळी तशीच दुकानात गेले. दुकानदाराने गिटारच्या पोटात टॉर्च मारला आणि म्हणाला, "बहनजी, गिटार तो वोही है. ये देखो, अंदर मेरा पेन्सिल का निशान." खूण त्यानेही केली होती! "ऊपर की पट्टी किसीने बदली है, बस."

"सरांना कमिशन देता ना तुम्ही?"

"देता हूँ ना. एक गिटार पे तारों का एक सेट. पैसा लेता नहीं वो, शक करता है कि नोट नकली होगा."

म्हणजे कमिशन होतंच. माझा निम्मा तर्क बरोबर निघाला आणि त्यामुळे उरलेला निम्माही बरोबरच असणार असं मी धरलं. पट्टी उंच केली ती मला कधी वाजवता येऊ नये आणि मी वर्षानुवर्षं फी भरत राहावी म्हणून. मी दुकानदाराकडून पट्टी पुन्हा पहिल्यासारखी करून घेतली, तारा त्याच्याच हाताने सुरात लावून घेतल्या, आणि घरी येऊन जोरात सराव सुरू केला. जयंतीला दोन महिने उरले होते. मला चार सूर येत होते आणि त्यातले दोन एकमेकांसारखे होते. बाबा समोर बसून ऐकायचे. एकदा त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. दोन-तीन दिवसांत ते पुन्हा खिडकी लावून घ्यायला लागले, आणि ह्या वेळी माझ्यामुळे. मला रडू यायचं, पण कुणासमोर रडावं असं कुणी नव्हतं.

एका रविवारी बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला, गिटार उचलली आणि म्हणाले, "चल, तुझ्या सरांकडे."

मला वाटलं, अखेर बाप लेकीसाठी भांडायला निघाला. शेअर रिक्षात मी त्यांना सगळं पढवलं. कमिशनचं सांगा, पट्टीचं सांगा, खुणेचं सांगा. बाबा गिटार मांडीवर आडवी धरून बसले होते आणि ऐकत नव्हते.

दार चार बोटं उघडलं. "हात."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग उजव्या हाताने डाव्या हातावरचा रुमाल सोडला. तो रुमाल त्यांनी परक्या माणसासमोर कधी सोडला नव्हता. दोन्ही हात फटीतून आत घातले. मग साखळी निघाली.

"जय भीम सर," बाबा म्हणाले.

"जय भीम. उशीर केलात. बसा."

"एक तक्रार होती."

मी ताठ झाले.

"ही गिटार आधी गोड वाजायची," बाबा म्हणाले. "हिने दुकानात नेली आणि काहीतरी करून आणलं. आता वाजत नाही."

मी म्हटलं, "बाबा, तुम्ही वाजवत होतात?"

ते जमिनीकडे बघत म्हणाले, "दुपारी. तुझी आई पडली की. खाटेवर समोर असायची, एकदा सहज हात फिरवला. मग म्हटलं, दाबता तर येत नाही आपल्याला. म्हणून तारांवर फुलपात्र फिरवून बघितलं. तर गायला लागली बाय, माणसासारखी."

"कुठलं फुलपात्र?" सर एकदम पुढे सरकले. "स्टीलचं का पितळेचं?"

"स्टीलचं."

"पितळेचं घ्यायचं! स्टीलला भरवसा नाही." मग माझ्याकडे वळून, "पट्टी काढलीस?"

मी मान हलवली. मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

त्यांनी गळ्यातली किल्ली काढून कपाट उघडलं. आत एक पितळेची कांडी होती, लेथवर करून आणलेली, अंगठ्यापेक्षा थोडी जाड, आणि तिच्यावर एकाच बोटापुरती खाच. ती त्यांनी बाबांच्या डाव्या हातात दिली. अंगठा खालून लागला, शेजारचं बोट खाचेत बसलं, करंगळी मागे टेकली. मापाने केल्यासारखी. मापानेच केली होती. माप मी दिलं होतं, पहिल्या दिवशी स्टुलावर बसून, तो घरफोड्या आहे का असा विचार करत. ती कांडी तेव्हापासून कपाटात पडून होती.

"गिटार अशीही वाजवतात," ते म्हणाले. "मांडीवर आडवी ठेवून, तारांवर कांडी सरकवून. तारा उंच पाहिजेत आणि सूर वेगळा लावावा लागतो. दाबायचं नाहीच. बोटं किती आहेत ह्याला कोण विचारतो?"

"मग मला सांगितलं का नाहीत?" मी जवळजवळ ओरडले. "एवढे दिवस?"

"तुला सांगितलं असतं तर तू घरी जाऊन विचारलं असतंस, बाबा, शिकता का? आणि ते नाही म्हणाले असते. हो ना हो?"

बाबांनी मान डोलावली.

"माणूस एकदा नाही म्हणाला की त्या नाहीची राखण करत बसतो. आणि तूसुद्धा मला खरं कुठे सांगितलंस? कोणासाठी विचारलं तर म्हणे माझ्यासाठी. खोटं बोलणाऱ्याला मी खरं का सांगू?"

मी गिटार उचलून सरांच्या पुढ्यात ठेवली.

पट्टी पुन्हा करावी लागली. सरांची उंच पट्टी दुकानदाराने फेकून दिली होती. सरांनी कपाटातून कॅरमचा जाड पांढरा स्ट्रायकर काढला, करवतीने कापला आणि कानशीने घासत बसले. गल्लीतल्या क्लबातून स्ट्रायकर नाहीसे होतात अशी तक्रार होती, तिचाही उलगडा झाला. पट्टी बसवून झाल्यावर "भिंतीकडे तोंड!" म्हणाले. मी वळले, बाबाही वळायला लागले तर त्यांना म्हणाले, "तुम्ही नको. तुम्ही बघा."

तारा लागल्यावर त्यांनी मला बॉलपेन दिलं. "कर खूण."

"सर, नको. लाज वाटते."

"लाज कसली? कर. एक पट्टीवर, एक खाली लाकडावर. एकाच ठिकाणी खूण केली की नुसता संशय येतो. दुसरी असती तर तेव्हाच कळलं असतं, की पट्टी बदलली, गिटार तीच आहे."

मी दोन ठिपके केले.

जयंतीला बाबा स्टेजवर बसले. गिटार मांडीवर, डावा हात उघडा, रुमाल खिशात. त्यांना तीनच गाणी नीट बसली होती, बाकीच्यांत ते नुसते मागे मागे राहिले. पण तिसऱ्या गाण्यात कांडी वरपर्यंत सरकली आणि सूर लांबत गेला तेव्हा ढोलकीवाले काका ढोलकी वाजवायचे विसरून त्यांच्याकडे बघत राहिले. मी खाली बायकांमध्ये बसून रडत होते. आनंद होताच, पण खरं सांगायचं तर थोडं वाईटही वाटलं. त्या जागेवर मला बसायचं होतं. ती जागा रिकामी आहे असं मी धरून चालले होते, आणि त्या माणसाने पहिल्या दहा मिनिटांत ओळखलं होतं की ती रिकामी नाही.

सर आले होते. मंडपाच्या मागे जनरेटरजवळ उभे, गळ्याचं बटण लावलेलं. मी जेवायला या म्हटलं तर म्हणाले, "आधी तू जेव, मग बघू." मी त्यांची माफी मागितली. ती त्यांनी घेतली की नाही ते कळलं नाही. जाताना एवढंच म्हणाले, "तो ढोलकीवाला वडिलांच्या कांडीकडे फार बघतोय. लक्ष ठेव."

मी क्लासला परत गेले नाही. मला गिटार कधी आली नाही. बाबा मात्र पुढच्या सगळ्या जयंत्यांना वाजवत राहिले, आणि दर रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून कॅम्प तीनला जायचे. दोघं दुपारभर काय बोलायचे कुणास ठाऊक. मग एका रविवारी बाबा लवकर परत आले. दाराला कुलूप होतं, खालच्या कारखान्यात कुणाला काही सांगितलेलं नव्हतं, आणि पाटीवरचा बाण कुणीतरी पुसून टाकला होता. "कुणीतरी म्हणजे तेच," बाबा म्हणाले. नंतर ती खोलीही जीन्सवाल्यांनी घेतली.

नव्वदीच्या शेवटी बाबा गेले. त्यानंतर वर्षभराने माझी भाची म्हणाली, "मावशी, मला गिटार शिकायचीय. आजोबांची देशील?" मी विचारलं, "कोणासाठी?" ती म्हणाली, "म्हणजे काय? माझ्यासाठी." मी तिच्या हातांकडे बघितलं. ती खरं बोलत होती.

तारा गंजल्या होत्या, म्हणून मी गिटार घेऊन बदलापूर स्टेशनजवळच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "तारा नव्या टाकतो, पट्टी बसकी करून देतो. दोन दिवस ठेवून जा." तो बिल लिहायला वळला तशी मी पर्समधून बॉलपेन काढलं. जुने ठिपके केव्हाच पुसले गेले होते. पट्टी तर आता जाणारच होती, म्हणून आतल्या कडेला लाकडावर एक ठिपका केला. मग दुसऱ्यासाठी गिटार पालथी केली. पाठीवर, जिथे ती इतकी वर्षं बाबांच्या मांडीवर टेकत होती, तिथलं पॉलिश पार उडून खालचं लाकूड उघडं पडलं होतं. मी पेन पुन्हा पर्समध्ये टाकलं.